आखणी बाकी

माझी आई गावात सगळ्यांना सांगायची, "आमची पोर बेंजोवाल्यांचे फोटू काढते." मी तिला दर खेपेला समजावत असे की बेंजो वेगळा आणि रॉक वेगळं. बेंजो पार्टी वरातीपुढे वाजते. रॉकवाले स्टेजवर उभे राहून वाजवतात आणि त्यांच्यामागून कुणी नवरदेव येत नाही. आई सगळं ऐकून घ्यायची आणि विचारायची, "मोठ्यानं वाजिवतात ना? पोरं नाचतात ना?" हो म्हटलं की तिचा मुद्दा सिद्ध. पालथ्या घड्यावर पाणी घालायचा मला कंटाळा आला आणि मी नाद सोडला. पुढे मुंबईत कुणी माझी 'रॉक फोटोग्राफर' म्हणून ओळख करून दिली की मला आतून आईचं 'बेंजोवाली' ऐकू यायचं आणि मी गालातल्या गालात हसायची.

आमचं घर हमरापूरचं, पेणपासून जवळ. थोडी भाताची शेती होती, भातानंतर वाल लावायचे, पण गावातल्या बाकीच्यांसारखे आम्हीही जगायचो गणपतींवर. बाबा शेजारच्या कारखान्यात आखणी करायचे. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, आणि आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. माती मळायला, साच्यात भरायला, अंगाचा रंग द्यायला पाचपन्नास हात चालतात. आखणीला एकच हात लागतो, आणि तो बाबांचा होता. आधी कडक पेन्सिलीनं डोळ्याची रेघ मारायचे, मग बारीक ब्रशनं पांढरा, काळा, बुबुळाचा तपकिरी, आणि शेवटी उजेडाचा एक ठिपका. तेवढा वेळ शेडमध्ये कुणी चालायचं नाही, शिंकायचं तर बाहेर जाऊन. डोळे झाले की बाबा मला हाक मारायचे. मी मूर्तीच्या डावीकडे उभी राहायची, मग उजवीकडे, आणि ते दोन्हीकडून एकच विचारायचे, "बघतो काय तुझ्याकडं?" मी "बघतो" म्हटलं की मूर्ती पुरी झाली.

ज्यांचे डोळे राहिले असतील त्या मूर्तींच्या पाटावर खडूनं लिहिलेलं असे, 'आखणी बाकी'. श्रावणात शेडभर हेच दिसायचं. शाळेत जायच्या आधी मी हे दोन शब्द वाचायला शिकले होते, 'कमळ' आणि 'बदक' त्यानंतर आले. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे मी जो घोळ घातला त्याला माफी नाही.

बारावीनंतर मला रोह्याला मावशीकडे ठेवलं, कॉलेजसाठी. मावशीचे यजमान धाटावच्या एका कंपनीत कामाला. त्यांची शिफ्ट सतत बदलायची, त्यामुळे त्या दोन खोल्यांत दिवसा कायम कुणीतरी झोपलेलं असायचं आणि माझ्या हातून कायम काहीतरी पडायचं. मावशी म्हणायची, "बाय गो, तू जरा भायेर जाऊन बस." मी बाहेर जाऊन बसले ती कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओच्या पायरीवर. स्टुडिओवाले काका पूर्वी शाळेत चित्रकला शिकवत. एक दिवस त्यांनी मला आत बोलावून एक प्रिंट दिला, ब्रश दिला आणि धुळीचे पांढरे ठिपके भरायला सांगितलं. मी भरले. काकांनी भिंग लावून पाहिलं आणि विचारलं, "कुणाची तू?" मी म्हटलं, हमरापूरची. "तरीच," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून मी पायरीवरून आत आले.

काकांचा एकच कायदा होता. डोळे मिटले की फोटो वाया. गिऱ्हाइकाला ते सांगत, "मिटा डोळे. आता उघडा," आणि उघडले रे उघडले की बटण दाबत. तरी कुणी मिटलेच, तर त्या फोटोवर लाल पेन्सिलीनं फुली. घरी बाबा, इथे काका. उघड्या डोळ्यांशिवाय जगात काही विकलं जात नाही, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

त्या कायद्याला तडा गेला तो कंपनीच्या कॉलनीतल्या संमेलनात. काकांचा गुडघा धरला होता म्हणून त्यांनी मला पाठवलं. बक्षीस समारंभ झाला, साहेबांचं भाषण झालं, आणि मग चार तरुण इंजिनियर इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम घेऊन स्टेजवर चढले. पहिल्याच फटक्याला पुढच्या रांगेतल्या बायकांनी कानांवर पदर घेतले. मला एक शब्द कळत नव्हता, पण मी कॅमेरा घेऊन स्टेजच्या अगदी पुढ्यात सरकले. गाणारा मुलगा माइकपाशी आला तेव्हा लाजराबुजरा वाटला होता. सूर वर गेला की तो डोळे मिटायचा, आणि त्या क्षणी हॉल, साहेब, आम्ही, कुणीच त्याच्या लेखी नसायचो. मी रोल संपवला. काकांनी दुसऱ्या दिवशी रोलच्या छोट्या प्रिंटांची पट्टी पाहिली आणि जवळजवळ सगळ्यावर फुल्या मारल्या. "पोरी, सगळे झोपलेले काढलेस की." मी त्या फुल्या मारलेल्याच फ्रेम जपून ठेवल्या. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या लाल फुल्यांवर उभं आहे.

त्या चौघांतल्या गिटारवाल्यानं ते फोटो पाहिले होते; तो नोकरी सोडून मुंबईला गेला आणि त्यानं बँडचे फोटो काढायला मला बोलावून घेतलं. मग कॉलेजांचे हॉल, मैदानं, पुणं, बंगलोर. मी स्पीकरच्या पुढ्यात उभी राहायची, म्हणून आईनं वातींसाठी आणलेला कापूस माझ्या बॅगेत कायम असे. निम्मा कानात, निम्मा लेन्सभोवती. स्टेजखाली मी एकटीच बाई. एकदा एका गिटारवाल्यानं नाचता नाचता स्टेजच्या कडेला टेकलेल्या माझ्या बोटांवर बूट ठेवला आणि गाणं संपेपर्यंत काढला नाही. मी मुळातली तापट; वाद्यवाल्यांना सगळं माफ करायची, पण लाइटवाल्यांशी माझी सतत जुंपायची. लाल दिव्यात माझ्या काळ्यापांढऱ्या फिल्मवर चेहरे पिठासारखे यायचे. "बाई, लोकांना लाल आवडतं," एकानं सांगितलं. मी म्हटलं, मग लोकांनाच फोटो काढायला सांगा. फ्लॅश मी कधी मारला नाही. डोळे मिटलेल्या माणसाच्या तोंडावर फ्लॅश मारणं मला चोरून खिडकीत डोकावल्यासारखं वाटे.

फोटो घेऊन मी घरी जायची. आई पाहायची ते पोरांचे केस. इतक्या केसांना तेल किती लागत असेल, हा तिचा प्रश्न. बाबा एकेक प्रिंट हातभर लांब धरून पाहायचे आणि खाली ठेवायचे. "ह्याचे डोळे मिटलेत. ह्याचे बी मिटलेत." मग चष्मा काढून म्हणायचे, "सगळ्यांची आखणी बाकीच हाय की गो." आई खो खो हसायची. मला राग यायचा आणि मी जेवणावर काढायची. माझ्या कामाकडे बाबांनी एकदा तरी काम म्हणून बघावं, एवढंच मला हवं होतं. त्यांना ते मागायचं कसं, हे मला येत नव्हतं.

मग बाबांचा हात कापायला लागला. आधी चहाच्या बशीत कळलं, मग ब्रशात. एका वर्षी त्यांनी काढलेल्या एका डोळ्याची रेघ हलली आणि मूर्ती परत आली. कारखान्याचे शेठ जुने, सभ्य. त्यांनी काही बोलून दाखवलं नाही. पुढच्या वर्षी फक्त बाबांच्या पुढ्यात पितांबर रंगवायच्या मूर्ती आल्या आणि आखणीच्या दुसऱ्याकडे गेल्या. बाबांनीही काही विचारलं नाही. ते पिवळा रंग देत बसायचे. आई मला फोनवर म्हणाली, "घरात बोलत नायत. जेवतात नि भिताडाकडं बघत बसतात."

त्याच पावसाळ्यात माझ्याकडे ते काम आलं. एका बँडची पहिली कॅसेट निघणार होती आणि तिच्या वेष्टनावर माझा फोटो जाणार होता. गायकाचा चेहरा, मान मागे, डोळे मिटलेले. तोवर माझे फोटो वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर, चिमण्या आकारात यायचे. कॅसेट म्हणजे दुकानादुकानांत. कंपनीतल्या डिझायनरनं फोनवर सांगितलं, "प्रिंटवर आखणी करून आणा, म्हणजे कुठे कापायचं ते मला कळेल." प्रिंटवर पट्टीनं चौकट आखायची, एवढाच त्याचा अर्थ. तारीख ठरली. मी रोह्याला आले, कारण मोठे प्रिंट मी काकांच्याच डार्करूममध्ये करायची. दिवसभर खपून एक मनासारखा प्रिंट निघाला. तो घेऊन मी हमरापूरला आले, बाबांच्या मेजावर सपाट होण्यासाठी ठेवला, आणि कोपऱ्याला चिठ्ठी लावली: 'आखणी बाकी'.

हो. मीच लिहिलं ते. त्या घरात, त्या मेजावर, श्रावणात. मुंबईच्या आठ-दहा वर्षांत माझ्या डोक्यातला तो शब्द कधी बदलला, मला कळलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा रोह्याला गेले, एखादा जादा प्रिंट हाताशी असावा म्हणून. अतिशहाणपण. निगेटिव्हवर एक धुळीचा कण होता, तो घालवायला मी ती पुन्हा धुतली, आणि ओली असताना माझंच नख तिच्यावरून फिरलं. गायकाच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत ओरखडा. काकांनी पाहिलं आणि रागवायच्या ऐवजी मला बसायला स्टूल दिलं, यावरून काय ते कळलं. "घरी एक आहे ना?" ते म्हणाले. "मग जा, तो सांभाळ." परतीची पॅसेंजर वाटेत निडी स्टेशनात सिग्नलसाठी थांबली ती हलेचना. मी खिडकीशी बसून घरच्या एका कागदाचा जप करत होते.

घरी पोचले तेव्हा चार वाजले असतील. आई दारातच होती, तोंडभर हसत. बाबा मेजापाशी, ब्रश अजून हातात. आणि प्रिंटवरून तो गायक माझ्याकडे टक लावून बघत होता.

मिटलेल्या पापण्यांवर बाबांनी गणपतीचे डोळे काढले होते. लांब, शांत, कोपऱ्याला किंचित उचललेले, बुबुळं तपकिरी, उजेडाचा ठिपका जागच्या जागी. खाली दाढीचे खुंट, किंचाळायला उघडलेलं तोंड, आणि वर ही बुद्धीच्या देवाची नजर. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी आईकडे वळले, तर ती म्हणाली, "चिटी तूच लिवलीस ना गो? मीच दाखिवली त्यांना. म्हटलं, पोरीनं काम ठेवलंय."

बाबा उठून बाजूला झाले. "बघ," ते म्हणाले. "कापला काय हात?"

मी वाकून पाहिलं. काकांच्या भिंगाखालीही चूक सापडली नसती. एक रेघ हललेली नव्हती.

"नाय कापला," मी म्हटलं.

"देवाच्या म्होरं बसलं का छातीत धडधडतंय. वाटतं, बिघडलं तर? ह्यो तर मानूस." बाबा हसले. मी दीड वर्षात त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "जरा डावीकडं उभी ऱ्हा. बघतो काय तुझ्याकडं?"

मी डावीकडे उभी राहिले. मग उजवीकडे. तो बघत होता. मी तसं सांगितलं आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं, दोनदा.

मला माहीत होतं की तो पाण्याचा रंग आहे. ओला कापूस फिरवला की निघेल. आणि हेही माहीत होतं की तो कापूस फिरवायचा तर बाबांच्या देखत फिरवावा लागेल, नाहीतर त्यांच्या पाठीमागे. दोन्ही मला जमणार नव्हतं. त्या संध्याकाळी बाबा पोटभर जेवले, कारखान्यातल्या गमती सांगितल्या, पेणच्या कुठल्याशा मंडळाच्या मूर्तीची नक्कल केली. मध्येच त्यांनी विचारलं, "पट्टी नि पेन्सिल कशाला आणलीस गो?" मी म्हटलं, असंच, पाकिटावर पत्ता लिहायला. बाबा माझ्याकडे बघत राहिले. "तू खोटं बोलतेस तवा तुझे डोळे कुठं जातात, ते मला ठाव हाय," ते म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

सकाळी मी नाक्यावरच्या टेलिफोन बूथवर गेले. ठरवलं होतं: फोटो खराब झाला, दुसऱ्या कुणाचा घ्या, असं सांगून टाकायचं. वाईट वाटत होतं, पण मन स्वस्थ होतं. डिझायनर अजून आला नव्हता. अर्ध्या तासानं करा, म्हणाले. तेवढ्या वेळात चहा घेऊ म्हणून मी घरी परतले.

बाबा ओटीवर बसले होते. मांडीवर पाट, पाटावर प्रिंट, शेजारी वाटीत पाणी आणि माझ्या बॅगेतला कापूस. डावा डोळा गेला होता. उजव्याचं शेवटचं टोक ते पुसत होते. हात कापत होता, पण कापूस इतका हलका धरला होता की कागदाला त्याचा पत्ता नव्हता.

"ऱ्हाऊ द्या, बाबा," मी म्हटलं. "मला तसाच पायजे."

"पान्याचा रंग हाय. जातो." त्यांनी मान वर केली नाही. "गाताना डोळे मिटतात, हे काय मला ठाव नाय? मी भजनात मिटतोच की."

खरंच मिटायचे. दर एकादशीला, देवळात, टाळ वाजवताना. हजारो मिटलेल्या डोळ्यांमागे मी गावोगाव हिंडले आणि हे दोन मी कधी पाहिलेच नाहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"मग काल कशाला काढलेत?" मी विचारलं. आवाज मला हवा त्याहून चढा निघाला.

बाबांनी कापूस वाटीत टाकला. पाणी तपकिरी झालं.

"आता मला कोन आखनी देत नाय," ते म्हणाले. "चिटी बघितली. वाटलं, तू माज्यासाठी ठेवलीस."

मी त्यांच्या शेजारी खाली बसले. रडू आलं ते मी आवरलं नाही. बाबांनी ओल्या हातानं माझ्या पाठीवर थोपटलं आणि प्रिंट सुकायला कलता ठेवला. "जा," म्हणाले, "तुजी आखनी तू कर. उशीर होल." मी पट्टीनं चौकट आखली. ते शेजारी बसून बघत होते, आणि एका ठिकाणी म्हणाले, "हनवटी कापू नको, त्याच्या मानेत जोर हाय." मी रेघ बोटभर खाली घेतली. कॅसेट आली तेव्हा सगळ्यांना ती मान आवडली.

त्यानंतर बाबांनी डोळे काढले नाहीत. पितांबरच रंगवत राहिले, पण भिंतीकडे बघणं कमी झालं. माझे फोटो मात्र ते मागून घेऊ लागले आणि हातभर लांब धरून म्हणू लागले, "ह्याचे नीट मिटलेत. ह्यो ढोंगी हाय." बहुतेक वेळा त्यांचं खरं निघायचं.

तो प्रिंट मी कंपनीकडून परत मागून घेतला. आता तो माझ्या घरी खिडकीशेजारच्या भिंतीवर आहे. येणारे लोक समोर उभे राहतात, त्यांना डोळे मिटून गाणारा एक मुलगा दिसतो. बाबांचा रंग गेला, पण आधी मारलेली कडक पेन्सिलीची रेघ कागदात रुतून राहिली आहे. सकाळी ऊन आडवं येतं, तेव्हा बाजूला उभं राहिलं की त्या पापण्यांवर दोन लांब डोळे उठून दिसतात. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. मी आधी डावीकडे उभी राहते, मग उजवीकडे.

"बघतो, बाबा," मी सांगते, आणि चहा ठेवायला जाते.